ईएसआयचे पैसे किती बसणार हे घरी बसून कसं काढायचं

मी भोसरीला एका प्रेस शॉपच्या टाइम ऑफिसात अकरा वर्षं काढली, हजेरी, पगारपत्रक, चलन सगळं माझ्याकडेच असायचं, त्यामुळे अजूनही कुणी आजारी पडलं की मला फोन येतो की बघ ना किती मिळतील आणि मिळतील का. हे गणित अवघड अजिबात नाहीये, फक्त ते एका उलट्या जागेपासून सुरू होतं आणि तिथेच सगळे गडबडतात. आज तुम्ही आजारी पडलात तर पैसे आजच्या पगारावर ठरत नाहीत, महिन्यांपूर्वी तुमची हजेरी किती लागली होती आणि मालकाने चलनात, म्हणजे ईएसआयची वर्गणी भरायच्या कागदात, काय दाखवलं होतं त्यावर ठरतात. एवढं डोक्यात बसलं की बाकी भागाकार गुणाकारच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिन्याला 21,000 पर्यंत पगार असेल (दिव्यांग कामगाराला 25,000) तर ईएसआय, म्हणजे सरकारची कर्मचारी राज्य विमा योजना, लागतं. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के घालतो. म्हणजे 16,000 पगाराला तुमचे 120 आणि त्याचे 520. हा दर जुलै 2019 पासूनचा आहे, आधी दोन्हीकडून जास्त जायचे. योजना जुनी आहे, कायदा 1948 चा, 1952 ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि 1954 ला आपल्याकडे नागपुरात आली. बऱ्याच पोरांना वाटतं हे 120 रुपये म्हणजे नुसतं औषधाच्या रांगेचं तिकीट. औषधपाणी तर आहेच, घरच्यांना पण आहे, पण खरा माल आहे तो रोख पैशाचा, आणि तो कुणी मागायलाच जात नाही.

आधी सहा महिन्यांच्या दोन पेट्या समजून घ्या

वर्षाचे दोन तुकडे करतात. एप्रिल ते सप्टेंबर ही पहिली पेटी आणि ऑक्टोबर ते मार्च दुसरी. या पेट्यांत वर्गणी पडते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा फायदा मिळतो पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा फायदा त्यानंतरच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. मधे तीन महिन्यांचं अंतर सोडलेलं असतं. ऑफिसात याला वर्गणी काळ आणि लाभ काळ म्हणतात, तुम्ही पेटी म्हणा काय फरक पडत नाही.

म्हणजे फेब्रुवारीत कावीळ झाली तर बघायचं मागचं एप्रिल ते सप्टेंबर. नोव्हेंबरात डेंग्यू झाला तर बघायचं त्याच्या आधीचं ऑक्टोबर ते मार्च. हे एकदा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, मी खरंच तसं केलं होतं आणि सुपरवायझरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे येऊन बघून जायचे.

पहिला प्रश्न, मिळणार का

साध्या आजारपणाचा भत्ता मिळायला त्या मागच्या पेटीत किमान 78 दिवसांची वर्गणी पाहिजे. सहा महिन्यांत 78 म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण बघा कसं अडकतं. आमच्याकडे लातूरकडचा एक पोरगा होता, एप्रिलमध्ये बहिणीचं लग्न म्हणून महिनाभर घरी, जूनमध्ये पेरणीला परत, मग ऑगस्टमध्ये ठेकेदार बदलला तर मधे पंधरा दिवस नुसता बसून. सप्टेंबर अखेर त्याचे भरले 72 दिवस. मार्चमध्ये टायफॉइड झाला, तीन आठवडे पडून होता, औषधं मिळाली पण रोख भत्ता शून्य. सहा दिवसांसाठी. त्याला कुणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर त्याने तेवढे दिवस भरून काढले असते. पण गंमत अशी की हाच पोरगा जुलैमध्ये आजारी पडला असता तर पूर्ण पैसे मिळाले असते, कारण ऑक्टोबर ते मार्च त्याची हजेरी भक्कम होती. म्हणून सांगतो, सप्टेंबर आणि मार्च उजाडला की एकदा दिवस मोजायचेच.

दिवस म्हणजे नुसते मशीनवर उभे राहिलेले दिवस नाहीत, ज्या ज्या दिवसाचा पगार मिळाला किंवा मिळायला हवा होता ते सगळे. भरपगारी रजा, पगारी सुट्टी धरतात.

आयुष्यात पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलेल्या माणसाचा नियम जरा वेगळा आहे. त्याचा लाभ काळ कामाला लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. समजा 10 जूनला लागला तर पुढच्या 10 मार्चपासून 30 जूनपर्यंत. त्याची पहिली पेटी अर्धवट असते म्हणून तिथे 78 चा हट्ट नाही, कामाला उपलब्ध दिवसांच्या निम्म्या दिवसांची वर्गणी असली तरी चालतं.

दुसरा प्रश्न, किती मिळणार

आता खरं गणित. त्या पेटीतला एकूण पगार घ्या आणि त्याला पगाराच्या दिवसांनी भागा. आलेला आकडा म्हणजे तुमची रोजची सरासरी. पुढचं सगळं याच एका आकड्याला वेगवेगळे टक्के लावून काढतात. साध्या आजारपणाला 70 टक्के.

उदाहरण घेऊ. एप्रिल ते सप्टेंबर 150 दिवस भरले, एकूण पगार 81,000. सरासरी 540. त्याचे 70 टक्के 378. फेब्रुवारीत ईएसआय दवाखान्याच्या डॉक्टरने 20 दिवसांचं सर्टिफिकेट दिलं. पहिले दोन दिवस कापले जातात, ते मिळत नाहीत. राहिले 18, गुणिले 378, झाले 6,804. रविवार मधे आले तरी ते धरले जातात, घाबरू नका. फक्त ज्या दिवसाचा पगार किंवा भरपगारी रजा मालकाकडून घेतली त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही, दोन्हीकडून खाता येत नाही.

ते दोन दिवस कापण्यातही एक सूट आहे जी काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. कामावर गेलात आणि पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर दुसऱ्या वेळी दोन दिवस कापत नाहीत. टायफॉइड उलटला, मणका परत धरला, अशा केसमध्ये हे लक्षात ठेवा.

आता याच माणसाला दिवाळीत वाढ मिळाली आणि रोज 650 झाला असला तरी फेब्रुवारीत हिशोब 540 वरच होणार. वाढ दिसेल जुलैपासून. यावरून ऑफिसात भांडणारे मी खूप पाहिलेत आणि दर वेळी भांडणारा हरतो कारण नियमच तसा आहे.

एका वर्षात, म्हणजे लागोपाठच्या दोन लाभ काळात मिळून असा भत्ता जास्तीत जास्त 91 दिवस. मग टीबी, कॅन्सर, लकवा असलं काही असेल तर काय. त्याला वेगळी यादी आहे, 34 लांबचे आजार, त्यात 91 दिवस संपले की पुढे 80 टक्क्यांनी मिळतं आणि दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतं. अट मोठी आहे, दोन वर्षं नोकरी झालेली पाहिजे आणि मागच्या चार पेट्यांत मिळून 156 दिवस पाहिजेत. नसबंदी केली तर पूर्ण 100 टक्के, पुरुषाला 7 दिवस आणि बाईला 14.

बाळंतपण

इथे मला ईएसआयचं कौतुकच वाटतं. मागच्या दोन पेट्यांत मिळून फक्त 70 दिवस पाहिजेत, आणि सरासरीचे पूर्ण 100 टक्के, 26 आठवडे. सरासरी 480 असेल तर 182 गुणिले 480 म्हणजे 87,360. यातले आठ आठवडेच डिलिव्हरीच्या आधी घेता येतात, बाकी नंतर. आधीची दोन मुलं हयात असतील तर 12 आठवडे, गर्भपात झाला तर 6 आठवडे. त्रास झाला आणि डॉक्टरने लिहून दिलं तर एक महिना वाढतो. पॅकिंग लाइनवरच्या कितीतरी बाया पाचव्या महिन्यात काम सोडून घरी बसतात, ठेकेदार म्हणतो बाई आता जमणार नाही तुला, आणि त्या निघून जातात. ताई, राजीनामा लिहून देऊ नका. आधी दवाखान्यात नाव घाला आणि मग बोला.

अपघात झाला तर गणितच बदलतं

कामावर मार लागला तर 78 नाही, 70 नाही, कसलीच अट नाही. पहिल्या दिवशी कामाला लागला आणि त्याच दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे. दर पण जास्त, सरासरीच्या 90 टक्के, आणि 91 दिवसांची मर्यादा नाही, बरं होईपर्यंत. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस घरी बसावं लागलेलं पाहिजे एवढंच. नवीन माणसाची मागची पेटी रिकामी असेल तर चालू पगारावरून काढतात.

घरून कामावर जाताना किंवा येताना झालेला अपघात पण यात येतो, 2010 मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. चाकणच्या चौकात सकाळच्या शिफ्टला बाइकवर जाणाऱ्या पोरांनी हे तर तोंडपाठ करावं. पण वेळ, रस्ता आणि नोकरी यांचा संबंध दाखवावा लागतो, शिफ्ट सुटल्यावर तीन तासांनी भलत्याच रस्त्यावर पडलात तर अवघड आहे.

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो तो अपघाताच्या रिपोर्टचा. मालकाने तो लगेच ईएसआयला द्यायचा असतो. आणि देत नाहीत, कारण फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल. मग काय करतात, जखमी माणसाला गुपचूप खाजगी हॉस्पिटलात नेतात, बिल भरतात, वर दोन हजार हातात ठेवतात आणि साधं आजारपण म्हणून टाक असं सांगतात. माणूस खूश. मी स्वतः अशी एक फाइल बघितली आहे आणि अजून वाईट वाटतं, कारण त्या माणसाचं उजव्या हाताचं तर्जनीचं अख्खं बोट गेलं होतं आणि बोट गेल्याचे पैसे वेगळे असतात, ते जन्मभर असतात.

ते कसं ते बघा. कायद्याला एक तक्ता जोडलाय, कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली. अंगठा 30 टक्के, पूर्ण तर्जनी 14, मधलं बोट 12. मेडिकल बोर्ड बसतं आणि टक्का ठरवतं. समजा सरासरी 600. त्याचे 90 टक्के 540, हा पूर्ण दर. तर्जनीला त्याचे 14 टक्के म्हणजे रोज 75 रुपये 60 पैसे, तीस दिवसांचे 2,268. आणि हे कामावर परत गेलात, पूर्ण पगार घेतलात तरी चालू राहतं, मरेपर्यंत. अंगठ्याला याच पगारावर महिन्याला 4,860. आता त्या दोन हजारांचा हिशोब करा तुम्हीच. टक्का कमी लावला असं वाटलं तर पुढे अपील करता येतं, मेडिकल अपील ट्रायब्युनलकडे किंवा ईएसआय कोर्टात, पण मुदत असते, आदेश हातात पडला की लगेच हालचाल करा, देवदर्शनाला जाऊन येतो मग बघू असं नको.

माणूस अपघातात गेलाच तर तोच 90 टक्क्यांचा दर घरच्यांत वाटतात. बायकोला तीन पंचमांश, प्रत्येक मुलाला दोन पंचमांश, विधवा आईला दोन पंचमांश. बेरीज एकाच्या वर गेली की सगळ्यांचे हिस्से त्याच प्रमाणात खाली आणतात. सरासरी 600 असलेल्या घरात बायको, दोन मुलं, आई असं असेल तर 3, 2, 2, 2 असे नऊ भाग, 540 भागिले 9 म्हणजे एक भाग 60. बायकोला रोज 180, बाकी तिघांना 120 प्रत्येकी. मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत, मुलीला लग्नापर्यंत, बायकोला पुनर्विवाह करेपर्यंत नाहीतर जन्मभर. अंत्यविधीचे 15,000 पर्यंत वेगळे.

पगार म्हणजे नेमका कुठला पगार

हे आधी सांगायला पाहिजे होतं पण असो. हातात पडणारा पगार आणि चलनातला पगार एक नसतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, त्यात वेतन म्हणजे बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता (काम बंद असतानाही माणूस टिकवायला देतात तो), आणि बाकीचे भत्ते एकूणच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग परत वेतनात धरायचा अशी व्याख्या आहे. कागदावर बेसिक बारीक ठेवून बाकी भत्त्यांत फिरवणारे मालक म्हणतात बघ तुझी कपात वाचवली. वाचली खरी, महिन्याला वीस पंचवीस रुपये. पण आजारपणाला, बाळंतपणाला, बोटाला, सगळीकडे त्याच बारीक आकड्याचे टक्के मिळणार. त्यामुळे कपात कमी झाली की खूश होऊ नका, विचारा.

दुसरी चलाखी दिवसांची. काम केलं 26 दिवस, चलनात दाखवले 15, उरलेले व्हाउचरवर रोख. एका ठेकेदाराकडे हे सर्रास चालायचं, आणि पोरं पण हो म्हणायची कारण कपात कमी. आजारी पडल्यावर कळायचं 78 भरतच नाहीत.

पगार 21,000 च्या वर गेला की ईएसआय लगेच बंद होतं असंही नाही. मे महिन्यात वाढ मिळून 22,500 झाला तर सप्टेंबर अखेरपर्यंत तुम्ही आत आहात, कपात पूर्ण 22,500 वर होणार, आणि त्या पेटीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये शिल्लक राहतो. नोकरी सुटलेल्या माणसाचंही तेच, भरलेल्या पेटीचा लाभ काळ यायचा असेल तर तो हक्क मरत नाही. लोक कार्ड फेकून देतात, फेकू नका.

ठरवतं कोण आणि भांडायचं कुठे

तुम्ही आजारी आहात हे ठरवतो दवाखान्याचा डॉक्टर. तो सर्टिफिकेट देतो, बरं झाल्यावर फिट देतो. पैसे ठरवतं ब्रांच ऑफिस, जुनी माणसं अजून लोकल ऑफिस म्हणतात. मालक यातलं काहीच ठरवत नाही, त्याच्या हातात फक्त खरी माहिती भरणं आहे. म्हणून साहेबांच्या पाया पडण्यात वेळ घालवू नका. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी सरळ चालत नाही. रात्री अपरात्री खाजगीत ॲडमिट व्हावं लागलं तर घरच्या कुणाला तरी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात कागद घेऊन पाठवा, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट सगळं जपून. पंधरा दिवसांनी गेलात तर मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागायला तोंड राहत नाही.

मालकाने कापलेत पण भरलेच नाहीत असं निघालं तर? इथे बहुतेक लोक हात वर करतात आणि घरी जातात. तसं नाहीये. अट वर्गणी भरण्याची नाही, वर्गणी देय असण्याची आहे, म्हणजे तुम्ही काम केलंत आणि पगार झाला हे सिद्ध झालं पाहिजे. मालकाच्या चुकीने तुमचा भत्ता बुडला तर ईएसआय महामंडळाने (ईएसआयसी) तुम्हाला द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा अशी सोय कायद्यात आहे. त्यासाठी पगाराची स्लिप, बँकेतली एंट्री, गेट पास, हजेरीचा फोटो, जे असेल ते ठेवा. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरने शिफ्ट टाकलेला मेसेज पण डिलीट करू नका.

एक अजून, भत्ता चालू असताना मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही. धमकी देतात, देऊ द्या.

आणि एका वेळी एकच भत्ता मिळतो. अपघातामुळे घरी बसल्याचा चालू असेल तर आजारपणाचा नाही, बाळंतपणाचा चालू असेल तर आजारपणाचा नाही. जो जास्त तो निवडा, म्हणजे 70 आणि 90 मध्ये 90 हे सांगायला नको.

तर करायचं काय, आजच मोबाइलवर उमंग हे सरकारी ॲप उघडा, ईएसआयसीमध्ये जाऊन आपला आयपी नंबर, म्हणजे ईएसआयचा विमा नंबर, टाका, वर्गणीचा तपशील निघतो. महिन्यागणिक दिवस आणि पगार दिसेल. सहा महिन्यांचे दिवस बेरीज करा, पगार बेरीज करा, भागा, 70 टक्के काढा आणि तो आकडा लिहून ठेवा. मागच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे ताजा महिना दिसला नाही तर वीस तारखेनंतर परत बघा. दिवस कमी दिसले तर आत्ताच टाइम ऑफिसला विचारा, आजारी पडल्यावर नाही. आणि ब्रांचमधून आलेली रक्कम तुमच्या आकड्याशी जुळली नाही तर काउंटरवर एवढंच विचारायचं, साहेब कुठल्या सहा महिन्यांचे किती दिवस आणि किती पगार धरलाय. हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस रजिस्टर नाहीतर स्क्रीन तुमच्याकडे वळवतो, कारण त्याला कळतं की याला हिशोब येतो.